मिसिंग

आमच्याकडच्या गॅरेजमध्ये 'मिसिंग' हा शब्द कसाही चालतो. गाडी मिसिंग मारते, मिसिंग करते, गाडीत मिसिंग आहे. पोलिसांच्या भाषेत मिसिंग म्हणजे हरवलेला माणूस. मिस्त्रीच्या भाषेत मात्र अर्थ अगदी नेमका आहे. इंजिनात एक ठोका पडायला हवा होता, तो पडला नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे मला तो एखाद्या वृत्तातल्या सुटलेल्या मात्रेसारखा वाटतो. ओळ म्हणताना एक मात्रा कमी पडली की अर्थ कळायच्या आधीच कानाला टोचतं, तसं.

आणि हे ठोके किती असतात? गाडी जागच्या जागी चालू ठेवली तर इंजिन मिनिटाला साधारण ९०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते. म्हणजे एका सिलिंडरचे ४५० ठोके, आणि आमच्या गाडीला तीन सिलिंडर, म्हणून १३५०. सेकंदाला २२-२३. मी गणिताचा मास्तर नव्हे, पण एवढा हिशोब मला एका मिस्त्रीने वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. तीनपैकी एक जरी गप्प बसला तरी सेकंदाला सात वेळा खड्डा पडतो. चार सिलिंडरच्या गाडीत हे थोडंफार झाकलं जातं. तीनमध्ये झाकत नाही, सगळी गाडी ताप आल्यासारखी थरथरते.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. २०१४ची छोटी पेट्रोल गाडी आहे. आम्ही मूलला राहतो. माझी मोठी बहीण आमच्याकडेच असते, तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. तिचं डायलिसिस चंद्रपूरला, मंगळवार आणि शुक्रवार. मूल ते चंद्रपूर पंचेचाळीसेक किलोमीटर. गाडी मीच चालवतो, डॉक्टरांनी अजून हरकत घेतलेली नाही. एस.टी. आहे, नाही असं नाही, पण चार तास यंत्राला जोडून राहिलेल्या आणि रक्तदाब खाली गेलेल्या बाईला दुपारी दोनच्या एस.टी.त उभं करून आणणं मला जमत नाही.

हा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अजयपूर, चिचपल्ली, लोहारा अशी गावं मधे लागतात, बाकी दोन्ही बाजूंना जंगल. वर ताडोबा-अंधारीचं जंगल आणि खाली दक्षिणेकडचं, आणि जनावरं आपली इकडून तिकडे जाणारच. त्यांनी काही आमचा रस्ता मान्य केलेला नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटे जंगलात शिरतात, आणि दर वर्षी त्याच दिवसांत वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात. तर या रस्त्यावर गाडी कुठेही थांबवून खाली उतरावं, असं इथला माणूस सहसा करत नाही.

१४ मे २०२४, मंगळवार. रस्त्याचं काम चालू होतं आणि एका बाजूने वाहतूक सोडत होते. गाडी रांगेत, मुंगीच्या पावलाने. बाईसाठी ए.सी. लावलेला. आधी ए.सी.ची हवा कोमट झाली आणि दोनेक मिनिटांत तापमानाचा लाल दिवा लागला. मी ए.सी. बंद केला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. पंखा फिरत नव्हता. गाडी ६०च्या वेगाने पळत असताना समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो, पंखा बंद असला तरी कळतही नाही. रांगेत उभं राहिलं की सगळा भार पंख्यावर.

मागच्या ट्रकवाल्याने ओरडून सल्ला दिला, हीटर लावा. सल्ला खरा आहे. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता आत गाडीत सोडतो. पण बाहेर ४५ अंश आणि शेजारी सत्त्याहत्तर वर्षांची आजारी बहीण, अशा वेळी तो कसा लावणार? काचा उघडल्या आणि बसून राहिलो. रांग होती म्हणून माणसं होती, एवढंच बरं. पाऊण तासाने टोपण कापड धरून हळूहळू सोडलं. कुकरचं झाकण वाफ गेल्याशिवाय काढत नाहीत तसंच हेही. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून १००च्या वर जाऊनही उकळत नाही, आणि टोपण काढलं की एकदम उकळून तोंडावर येतं. पाणी घातलं आणि हळूहळू चंद्रपूर गाठलं. बाईचं डायलिसिस दीड तास उशिरा सुरू झालं. त्याच दुपारी पंख्याच्या वायरचा वितळलेला जोड बदलून घेतला, नवीन कूलंट भरलं. विषय संपला असं सगळ्यांनी सांगितलं.

दहा दिवसांनी, शुक्रवारी, परतताना बाई म्हणाली, "अरे, गाडी आज वेगळीच थरथरते का रे?"

मला काहीच जाणवलं नव्हतं. पण बाईच्या हाताचा या बाबतीत भरवसा धरावा लागतो. डायलिसिससाठी तिच्या डाव्या हातात रोहिणी आणि नीला जोडून फिस्टुला केलेला आहे. त्यावर बोटं ठेवली की आतून रक्ताची थरथर लागते. ती थरथर रोज तपासायची आणि थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, असं तिला सांगून ठेवलंय. रोज सकाळी देवाला हात जोडायच्या आधी ती हे करते. अशा माणसाला थरथरीतला फरक माझ्याआधी कळला तर नवल नाही. किलोमीटरभर पुढे गेल्यावर मलाही कळलं. पाय दाबला की गाडी अडखळायची, दोनचार वेळा आचके द्यायची. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकला. आणि मूल यायच्या आत सगळं शांत.

शनिवारी गाडी दाखवायला नेली तर शहाण्या मुलासारखी चालली. तपासणीला साहेब आले की वर्गातलं सर्वांत द्वाड पोरगंही हाताची घडी घालून बसतं, तसं. सोमवारी चंद्रपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी फक्त विचारलं, "मध्ये गाडी तापली होती का?" मी हो म्हटलं. "मग हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागेल, हेड फेसिंगला जाईल. आठ-दहा दिवस आणि अंदाजे तीस हजार." तीन डायलिसिस, भाड्याच्या गाडीने, तेही वर.

त्यांचा तर्क वेडगळ नव्हता, हे सांगायला हवं. इंजिनाचा खालचा ठोकळा म्हणजे ब्लॉक, वरचं झाकण म्हणजे हेड, आणि दोन्हीमध्ये दाबून बसवलेली पातळ गॅस्केट. एका बाजूला पेट्रोलचा स्फोट, दुसऱ्या बाजूला थंड करणारं पाणी, आणि या दोघांना वेगळं ठेवणारी ती एवढीशी पट्टी. हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. फार तापलं तर केसाएवढं वाकतं, पुन्हा सरळ होत नाही, मग गॅस्केटची पकड सुटते आणि पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं. ओल्या सिलिंडरमध्ये ठिणगी पेटत नाही, म्हणजे मिसिंग. अशा शेकडो गाड्या त्यांनी पाहिल्या असणार.

पण आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणून एक गोष्ट आहे. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, म्हणून कावळ्याने पाडलं म्हणायचं. गाडी तापली आणि नंतर मिसिंग आलं, एवढ्यावर इंजिन खोलायचं? मला यांत्रिकी कळत नाही, पण पुरावा न मागता निकाल देणं मला वर्गातही कधी पटलं नाही.

मूलला एक मिस्त्री आहे. रस्त्याच्या कडेला टिनाची शेड, लिंबाचं झाड, बस. (इथल्या प्रत्येक गोष्टीत शेवटी माजी विद्यार्थी भेटतोच, हा मात्र माझा विद्यार्थी नव्हे.) मी गाडी लावली आणि बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या ना जी. इंजिन मी मंग पाहीन. मिसिंग कवा येते थे सांगा पहिले."

"कधीही येतं."

"कवाबी नाही येत गुरुजी. गाडीले का मन हाय का?"

मग त्याने प्रश्नांची सरबत्ती केली. सकाळी पहिल्यांदा चालू करताना येतं का? पांढरा धूर निघतो का, निघाला तर गोडसर वास येतो का? कूलंट किती कमी होतं? चढावर येतं का सपाटीवर? ए.सी. लावल्यावर का बिना ए.सी.? पाऊस, दव? किती वेळ राहतं, आपोआप जातं का? निम्म्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, मंग एक कापी घाला. रोज लिहा. तीन आठवडे पाहू. आणि एक सूचना दिली: लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद, पिवळा दिवा लुकलुकू लागला तर पाय सोडून हळू चालवायची. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन जळतं आणि तिथली महागडी जाळी भाजून काढतं.

वही घालणं हे माझं जन्माचं काम. हजेरीपटासारखे रकाने आखले. तारीख, वेळ, किती किलोमीटर, ए.सी., कुठे थांबलो, किती मिनिटं, मिसिंग आलं का, किती वेळ राहिलं. कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करायला मार्कर हवा होता, तो बाईने दिला. तिच्याकडे निळा मार्कर असतोच. तिला दिवसभरात पाणी किती प्यायचं याचं बंधन आहे, म्हणून तिच्या बाटलीवर रोजच्या पाण्याची निळी रेघ मारलेली असते. तोच मार्कर घेऊन टाकीवर तशीच रेघ मारली. रोज सकाळी, गार इंजिनावर, ती बघायची.

वहीतली काही पानं आता समोर आहेत. २८ मे: जाताना काही नाही. येताना चिचपल्लीला चहा, १५ मिनिटं. निघताना मिसिंग, चार-पाच किलोमीटर, मग बंद. ३१ मे: बाईला गरगरत होतं म्हणून कुठेही न थांबता आलो, मिसिंग नाही. ४ जून: लोकसभेची मतमोजणी. टपरीवर गर्दी, मोबाईलवर निकाल, मीही पंचवीस मिनिटं रेंगाळलो. निघताना जोरदार मिसिंग, लोहाऱ्याहून येताना न दिसलेला पिवळा दिवा तिथून पुढे तीनदा. ७ जून: थांबलो नाही, मिसिंग नाही. ११ जून: चिचपल्ली, १० मिनिटं, थोडं मिसिंग. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना: एकदाही नाही. एक सर मोठी पडली त्या दिवशी: काही फरक नाही. कूलंट: रेघेवर.

सहा फेऱ्या झाल्यावर वही नेऊन दिली. मिस्त्रीने चष्मा लावला, बोट फिरवत वाचली आणि पहिलं वाक्य बोलला, "गुरुजी, तुमी चा पेता म्हणून गाडी मिसिंग मारते." शेजारी बसलेली दोन माणसं हसली. मग त्याने समजावून सांगितलं.

गॅस्केट गेली असती तर बहुतेक वेळा उलटं दिसलं असतं. रात्रभर गाडी उभी राहते, तेव्हा पाणी थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतं, आणि सकाळी पहिल्या फटक्याला गाडी अडखळते, पांढरा धूर सोडते. टाकीतली पातळी उतरते. आपलं सकाळी कधीच नाही आणि पातळी हलली नाही. आपलं येतं ते गरम गाडी थोडा वेळ उभी करून पुन्हा सुरू केली की. गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, पण इंजिनातली उष्णता कुठे जाणार? ती वर चढते. चूल विझवल्यावर थोडा वेळ तवा आणखी तापतो ना, तसं. बंद केल्यानंतरची दहा-वीस मिनिटं बॉनेटच्या आत सर्वांत जास्त भट्टी असते. पुढे गाडी चार-पाच किलोमीटर पळाली की वारा लागून तो भाग थंड होतो आणि मिसिंग जातं. म्हणजे वरच्या बाजूचं काहीतरी आहे जे गरम झालं की दगा देतं. बहुतेक कॉइल.

'बहुतेक' हा शब्द त्याने उच्चारला याचं मला फार बरं वाटलं.

आमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर आपापली कॉइल बसवलेली आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट घेऊन ती त्याचे वीस-तीस हजार व्होल्ट करते, तेव्हा कुठे ठिणगी उडते. आत तांब्याची अगदी बारीक तार, हजारो वेढे, वेढ्यावेढ्यात वार्निश, आणि सगळं एका घट्ट लुकणात ओतलेलं. गाडी प्रमाणाबाहेर तापली की त्या लुकणाला बारीक तडा जातो. थंड असताना तडा मिटलेला, तापल्यावर उघडतो, आणि वीज प्लगपर्यंत न जाता आतल्या आत पळते. म्हणजे तापण्याचाच हा परिणाम होता, तेवढ्यापुरतं त्या मोठ्या वर्कशॉपचं बरोबर होतं. कावळ्यानेच पाडलं, फक्त ताडाचं फळ नव्हे, शेजारच्या झाडाचं.

मिस्त्रीच्या मुलाकडे मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर आहे. त्याने गाडीच्या स्मरणातला कोड वाचला: पी ०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दुसरा, मधला. "मधला दोन्हीकून भाजते," मिस्त्री म्हणाला. मला वाटलं आता नवी कॉइल टाकणार. नाही. कोड फक्त कुठला ठोका चुकतो एवढं सांगतो, का चुकतो ते सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, गॅस्केट, काहीही असू शकतं. त्याने तिन्ही प्लग काढून पांढऱ्या फडक्यावर ओळीने ठेवले. दुसरा काळपट, पेट्रोलचा वास येणारा. पाणी जात असतं तर तो धुतल्यासारखा लख्ख निघाला असता, म्हणाला. मग प्लगच्या भोकात घड्याळ लावून तिन्ही सिलिंडरचा दाब मोजला. जवळजवळ सारखा. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे फुटली असती तर शेजारचे दोन आकडे एकदम खाली आले असते. आणि मग त्याने खर्च एक रुपयाचाही नाही असं काम केलं. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. प्लग जिथल्या तिथे. कोड पुसला. "बाकी कशाले हात नाही लावत. दोन गोष्टी एकदम बदलवल्या तं कोनती खराब होती थे कवाच नाही समजत. आता मंगळवारी चिचपल्लीले चा प्या. चांगला वीस मिनिट."

१८ जूनचा तो चहा मी वैद्यकीय सल्ला म्हणून प्यायलो. बाईला सगळी योजना माहीत होती. तिने तिच्या वाटच्या पाण्यातून वजा करायचे म्हणून दोनच घोट घेतले, आणि गाडीत बसताना दाराला हात टेकवून थांबली. निघालो. पाचशे मीटर, काही नाही. मला चक्क निराशा वाटू लागली होती. गाडी बिघडावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच वाट बघत होतो. एवढ्यात बाई म्हणाली, "आली." आणि पाठोपाठ आचका.

मूलला पोचल्यावर मुलाने स्कॅनर लावला. पी ०३०३. मिसिंग कॉइलबरोबर चालत तिसऱ्या घरात गेलं होतं. मिस्त्रीने मोबाईल माझ्यासमोर धरला. बोलला काही नाही. त्याने आधीच नवी कॉइल मागवून ठेवली होती. कॉइल, तीन नवे प्लग आणि मजुरी धरून चार हजारांच्या आत काम झालं.

मी निघालो तर त्याने पुन्हा थांबवलं. मिसिंग गेलं, पण गाडी तापली का, ते अजून संपलं नाही, म्हणाला. पंख्याचा जोड वितळला, तो आपोआप वितळत नाही. पंख्याची मोटर जड झाली की जास्त वीज ओढते आणि जोड भाजतो. मोटर काढून पाहिली तर खरंच हाताला जड फिरत होती. ती बदलली. रेडिएटर खाली उतरवला तर पुढच्या जाळीत माती, किडे आणि सावरीचा कापूस असा गच्च बसलेला की पलीकडचं दिसत नव्हतं. ते पाण्याने धुतलं, हलक्या धारेने, पत्रे न वाकवता.

"आणि हेड?" मी विचारलं. "वाकलं नसेल ना?"

"थे मी आज नाही सांगू शकत," तो म्हणाला. "एवढं तापल्यावर थोडंबहुत वाकलंबी असन. दिसन तं थे त्या निळ्या रेघेवरच दिसन. रोज नाही, हप्त्यातून एकदा पाहत जा, सकाळी, गाडी चालू कराच्या आधी. उतरली तं घेऊन या."

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. रविवारी सकाळी बाई आपल्या बाटलीवर नवी रेघ मारते, तेव्हा मी बॉनेट उघडतो. टाकीवरची रेघ मधे एकदा पुसट झाली होती, ती पुन्हा गिरवली. कूलंट अजून तिथेच आहे.